पिठातलं पाऊल

कमलबाईनं दिवा बाजूला सरकवला, पण टोपल्याला हात लावायचा तिला धीर होईना.

"उचल की आता," तानुबाई म्हणाली. "उजाडून गेलं."

कमलबाईच्या लेकानं, बन्सीधरनं, ज्या जागी प्राण सोडला, तिथंच रात्री ताटात ज्वारीचं पीठ चाळून, हातानं सपाट करून टोपल्याखाली झाकलं होतं. तेराव्याच्या सकाळी त्यात खूण उमटते. पाखराची उमटली तर पाखराचा जन्म, लेकराचं पाऊल उमटलं तर माणसाचा. काहीच उमटलं नाही, तर जीव अजून घरातच. तानुबाई कमलबाईची थोरली जाऊ. गावातल्या निम्म्या मेलेल्यांचे पुढचे पत्ते तिला पाठ होते.

बन्सीधरची थोरली बहीण चतुराबाई उंबऱ्यापाशी गाठोडं बांधून बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिनं आपली एक किडनी भावाला दिली होती. तो पूर्ण्याला रेल्वेत खलाशी होता, म्हणून रेल्वेच्या मुंबईतल्या दवाखान्यापर्यंत तरी पोचला. "एक गुरदा दे, चतुरे. माझ्या लेकाला राहू दे," म्हणून कमलबाईनं तेव्हा तिच्यापुढं पदर पसरला होता. बारा दिवसांपूर्वी तो चितेवर जळाला, त्याच्यासोबत चतुराबाईचंही तेवढं जळालं. तेव्हापासून तिची डावी कूस दुखत होती. रिकाम्या जागेत कुणीतरी नीट बसायची जागा शोधावी तशी.

भाऊ मार्गी लागलेला पाहायचा आणि दुपारच्या यष्टीनं पालमला आपल्या दोन लेकरांकडं जायचं, एवढंच तिला हवं होतं. नवरा लिंबाजी न्यायला आला होता. तो अंगणात तंबाखू मळत होता.

कमलबाईनं डोळे मिटून टोपलं उचललं.

पिठात पाऊल होतं. बोटभर लांब, तान्ह्या लेकराचं.

"माणसात आला गं माझा बन्सी!" कमलबाईला रडू फुटलं.

तानुबाई हसत खाली वाकली. एकेक बोट मोजू लागली.

"कमल, करंगळी न्हाई ह्याला."

डावं पाऊल होतं. चार बोटं स्पष्ट उमटली होती, पाचव्याच्या जागी पीठ सपाट. दोघी जावांनी एकदमच चतुराबाईच्या पायांकडं पाहिलं. बाराव्या वर्षी ऊसतोडीला गेली असताना कोयत्यानं तिच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"मी पाय न्हाई ठिवला काकू. लेकरांची शप्पत."

"तुझा पाय एवढा बारका हाय व्हय? तुझं जे त्याच्यासंगं जळालं ना, ते गेलं पुढं. हे पाऊल त्याचं, बन्सीचं न्हाई."

"मग माझा बन्सी कुठं हाय?" कमलबाईनं विचारलं.

तानुबाईला पत्ता सांगता आला नाही. ती ताट उचलून मागच्या दारी गेली.

"आवरलं का?" अंगणातून लिंबाजी ओरडला. "यष्टी जाईल!"

चतुराबाई घाईनं उठायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. डाव्या कुशीत काहीतरी सावकाश वळलं. तिनं तिथं हात दाबून धरला. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, दवाखान्यात टेबलावर घेतलं तेव्हासुद्धा नाही.

कमलबाईनं ते पाहिलं. ती सरकत लेकीजवळ आली, तिचा हात बाजूला केला आणि स्वतःचा तळवा तिथं टेकवला.

"माय, नगं," चतुराबाई म्हणाली. "मला जाऊ दे."

कमलबाई ऐकत नव्हती. तिनं हलकेच हाक मारली.

"बन्सी..."

चतुराबाईनं ओठ गच्च आवळून धरले. तरी आतून 'ओ' आली.

कमलबाईनं पदरानं डोळे पुसले. मग उंबऱ्याजवळचं गाठोडं उचललं आणि आत नेऊन बन्सीच्या खुंटीला अडकवलं.