बाईंचा फोन

“नगराध्यक्ष बोलतेय. तुमची रडगाणी ऐकायला मला वेळ नाही. मत द्यायचं तर द्या, तुमच्यावाचून माझं काही अडत नाही.”

एवढं बोलून मैना थांबली. खोलीत एक टेबल, एक फोन आणि मतदारांची यादी होती. खऱ्या नगराध्यक्ष बाई त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या कचेरीत बसल्या असतील. त्यांचा आवाज मात्र इथे सकाळपासून लोकांना टाकून बोलत होता. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची म्हणून तिला मैना म्हणत आणि विरोधी पक्षाने तिला त्यासाठीच आणलं होतं.

बोलून झालं की लगेच फोन कापायचा, असं प्रचारप्रमुखांनी दहादा बजावलं होतं. पण वीस वर्षं रंगमंचावर नकला केलेल्या माणसाला ते जमावं कसं? वाक्य टाकलं की समोरून हशा येईपर्यंत थांबायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. हशा काही येत नसे. त्या थांबण्यात लोक बोलायला लागत.

“बाई, तुम्ही स्वतः?” पलीकडून एक म्हातारा म्हणाला. “चिडा, चिडा. दिवसभर लोक तुमचं डोकं खात असतील. आमच्या जिन्यातला दिवा गेलाय, एवढंच सांगायचं होतं. बायको तिथेच पडली. आता ती नाही. पण दिवा तेवढा लावून द्या.”

“हं,” मैना म्हणाली. असं हुंकारायला तिला कुणी लिहून दिलं नव्हतं.

दुपारी प्रचारप्रमुख तणतणत आत आले. “काय सांगतेस गं तू लोकांना? जिथे जिथे आपले फोन गेले, तिथे बाईंच्या नावाचा जप चाललाय! बाई स्वतः फोन करतात म्हणे, सगळं ऐकून घेतात म्हणे. आम्ही शिव्या पेरल्या आणि उगवली मतं!”

“तुम्ही लिहून दिलंत तेच वाचलं मी.”

प्रचारप्रमुख एकदम ताठ उभे राहिले. हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. मग भानावर येऊन ते खेकसले, “नकला पुरे. नीट बोल.”

“नीटच बोलतेय.”

आता तिलाही ते ऐकू आलं. बाईंचा आवाज काढायचा तर हनुवटी जरा वर धरावी लागे, गळा आवळावा लागे. आत्ता तिने काहीच आवळलं नव्हतं. ती घटाघटा पाणी प्यायली, खाकरली. प्रचारप्रमुख तिच्याकडे बघेनात.

“काम संपलं,” ते यादी गोळा करत म्हणाले. “तुम्ही... तुम्ही या आता.”

रोज काम संपवून इथला जिना उतरताना ती एकदा मोठ्याने म्हणून बघायची, “आई, मी आले.” घरी नकला करायच्या नाहीत, हा तिचा नेम होता. सात वर्षांपूर्वी आईची नजर गेली, तेव्हापासून आईला लेक म्हणजे तिचा आवाज. तो तेवढा कुणाला उसना द्यायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

पहिल्या पायरीवर तिने म्हणून बघितलं. मग पाचव्या. मग दाराशी. तिन्ही वेळा बाईच बोलल्या. ती जवळजवळ पळतच घरी निघाली.

आई खिडकीपाशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पावलं ओळखून तिचा चेहरा उजळला. “आलीस?”

“आई, मी आले.”

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ती धडपडत उठली, केसांवरून हात फिरवला.

“अगबाई! नगराध्यक्ष बाई ना? रेडिओवर ऐकते मी तुम्हाला. पावलं अगदी माझ्या मुलीसारखी वाटली हो. बसा ना, ती येईलच एवढ्यात.”

मैनेने पुढे होऊन तिचा हात घट्ट धरला. आईने मैनेचा हात चाचपला, बोटं एकेक करून पाहिली, आणि परक्यांपासून सोडवावा तसा आपला हात हळूच सोडवून घेतला.

मैनेने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. आणि सवयीने थांबली.

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. “तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेता म्हणतात,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मग माझंही एक ऐका बाई. माझी मुलगी सकाळी कामाला गेलीय, ती अजून आली नाही.”