चोविसावं यंत्र

जनावरांच्या डॉक्टरांनी छोटा हार्वेस्टर तळहातावर उलटा धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि निरखून पाहिलं.

"एकही चाक ढिलं नाही. मोठा टापटिपीचा माणूस होता हो."

"यंत्रांच्या बाबतीत," ती म्हणाली. "कपडे मात्र खुर्चीवर ढीग करून पडलेले असायचे."

डॉक्टर हसले. निवृत्त झाल्यापासून त्यांनाही शेतीयंत्रांची छोटी मॉडेलं जमवायचा नाद लागला होता. ती संग्रह विकणार असल्याचं कानावर आलं आणि ते सकाळीच दारात हजर झाले. तिची अट एकच होती: घ्यायची तर सगळी, ताटातूट नको.

कपाटात तेवीस यंत्रं होती. ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्रं, हार्वेस्टर. हातात मावतील एवढी, पण दारं उघडणारी, चाकं फिरणारी. संसाराच्या प्रत्येक वर्षाला एक.

तिचा नवरा कापणीचा कंत्राटदार. स्वतःची यंत्रं घेऊन लोकांची शेतं कापायची, एक गाव उरकलं की पुढचं. वर्षातले सात महिने तो बाहेर. कोणत्या दिवशी कुणाचं शेत, हे ती घरी बसून फोनवर ठरवायची आणि वहीत लिहायची. शेतकरी तिला कंत्राटदारीणबाईच म्हणत. दर महिन्याला वहीत चार-पाच दिवस कोरे सुटायचे. यंत्र म्हटलं की बिघाड आलाच. त्या जागी ती ठळक अक्षरात लिहायची, 'दुरुस्ती'.

मूल झालं नाही. तीन डॉक्टर झाले, मग दोघांनी मिळून तो विषय बंद केला. रागाने नाही, दमून.

हंगाम संपवून तो परतायचा, तेव्हा अंघोळीच्याही आधी जमिनीवर मांडी ठोकून नवं मॉडेल तिच्यापुढे ठेवायचा. "हे बघ, ही फिरकी पीक जवळ ओढते. मग खालचं पातं कापतं. आणि दाणे इकडून टाकीत. कळलं?"

"मी काय पाच वर्षांची पोर आहे का?" ती म्हणायची. पण ऐकायची. अख्ख्या वर्षातला तेवढाच तास पूर्णपणे तिचा असायचा.

दोन महिन्यांपूर्वी, हंगामाला निघायच्या आदल्या दिवशी, यंत्राला ग्रीस लावता लावता तो अंगणात खाली बसला, तो उठलाच नाही. यंत्रं त्याच्या जुन्या ड्रायव्हरने चालवायला घेतली. त्याचा मोबाईल मात्र तिच्याजवळच वाजत राहिला. "यंत्र कधी निघतंय?" प्रत्येकाला ती तेच एक वाक्य सांगायची. काहीजण तर तिचा आवाज ऐकून न बोलताच फोन ठेवायचे. अशा वेळी लोकांना काय बोलावं सुचत नाही, असं तिने मनाशी धरलं. शेवटी तिने तो बंद करून खणात टाकला. त्या दिवसापासून घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणी बोलत नव्हतं.

"सगळी एकाच दुकानातली दिसतात," डॉक्टर म्हणाले. प्रत्येक यंत्राच्या पोटाला एक चिकटपट्टी होती. दुकानाचं नाव, गाव, फोन नंबर.

तिने वाकून वाचलं. "हे दुरुस्तीचं गाव. यंत्र गॅरेजात लागलं की हे वेळ घालवायला जात असतील तिथे."

"मग? कधी नेऊ?"

ती कपाटाकडे पाहत राहिली. तेविसाव्या यंत्राच्या उजव्या हाताला वीतभर जागा मोकळी होती. जाण्याआधी तोच म्हणाला होता, "यंदा तुला कडब्याच्या गाठी बांधणारं यंत्र आणतो. गंमत आहे त्यात."

"नाही द्यायची मला," ती म्हणाली. "तुमची खेप फुकट गेली."

"मला वाटलंच होतं." डॉक्टर उठले. "म्हणून तर खोकाही आणला नाही." उंबऱ्यावर चप्पल घालताना ते थांबले. "पुढचं तुम्हीच घ्या की. जमवणं बंद पडलं की घर फार मोकळं वाटतं. माझं ऐका."

ते गेल्यावर तिने खिडक्या उघडल्या. कपाट पुसलं. त्या मोकळ्या जागेवरून दोनदा फडकं फिरवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी हवंसं वाटत होतं, आणि ते त्याच्याकडून राहून गेलेलं होतं. त्याच्या वतीने तीच घेणार. तिने चष्मा लावून चिकटपट्टीवरचा नंबर फिरवला.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी कापणीच्या कंत्राटदारांच्या घरून बोलतेय. ते तुमच्याकडून छोटी यंत्रं न्यायचे..."

"अहो वहिनी, बोला की! एवढी ओळख कसली करून देताय?"

तिला एकदम बरं वाटलं. म्हणजे तिकडे, इतक्या लांबच्या दुकानात, तिचा विषय निघत होता तर. तो कधी बोलला नाही.

"ते गाठी बांधणारं यंत्र आहे ना, ते हवं होतं. एक."

"आणखी एक?" दुकानदार हसला. "परवाच तर नेलंत की. लेकीने मोडलं वाटतं? दुकानातच खोका फोडायला निघाली होती, तुम्ही किती रागावलात तिला! मी म्हटलं, राहू द्या वहिनी, खुशीत आहे पोर. मला सांगत होती, बाबा कापणीवरून आले की आधी त्यांना हेच दाखवणार."