हाक

"नक्की काय म्हणून चिडवतात तुला?" बाईंनी विचारलं. त्यानं शर्टाचा फाटलेला खिसा मुठीत धरला. शेजारी त्याच्याच नववीतली तीन मुलं होती.

त्याची आई तावातावानं म्हणाली, "आठवडाभर शाळेत यायला तयार नव्हता. यांच्या आईबापांना बोलवा आधी."

बाई त्या तिघांतल्या उंच मुलाकडे वळल्या. "तूच म्हणून दाखव."

मुलानं मान खाली घातली आणि शेवटचं अक्षर लांबवत म्हणाला, "छबकड्याऽऽ."

आईनं त्यांच्यावर रोखलेलं बोट खाली घेतलं. तो हेल तिचाच होता. गेल्या महिन्यात विसरलेला डबा द्यायला आली, तेव्हा शाळेच्या फाटकातून तिनं अशीच हाक मारली होती. सगळं मैदान वळून बघायला लागलं, तो कानापर्यंत लाल झाला, आणि तिला मात्र त्याचं हसू आलं होतं.

घरी जाताना तिनं कसंबसं विचारलं, "मला आधीच का नाही सांगितलंस?"

तो बुटानं एक खडा ढकलत चालत राहिला.

"मग तू घरीपण म्हणायचं बंद केलं असतंस."