बाहेरची कडी

बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा अमिता वाक्याच्या मध्यावर होती.

गोधडीखाली ती तशीच गप्प बसली. भाताच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही, कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघरही पोचत नाही, म्हणून ती दुपारी या खोलीत येऊन वाचायची. मांडीवर पुस्तकाचे झेरॉक्स, पोत्याला टेकवलेला मोबाईल. नव्वद वर्षांपूर्वी एका बाईने लिहिलेली कादंबरी. अशा बायकांची पुस्तकं कुणालाही फुकट ऐकता यावीत म्हणून ठिकठिकाणचे लोक ती वाचून, रेकॉर्ड करून पाठवत. अमिताकडे शेवटचं प्रकरण होतं. आज संध्याकाळपर्यंत गेलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाला देणार होते.

चपला तिने आत घेतल्या होत्या. उंबऱ्याशी दिसल्या असत्या तर सासूने, ठकूबाईने, हाक मारली असती. दिसल्या नाहीत, म्हणून खोली रिकामी समजून तिने कडी लावली असणार. उघडं राहिलं की कोंबड्या शिरतात.

हाक मारावी? मग आत काय करत होतीस, ते सांगावं लागेल. परवाच महाडला कंपनीत निघताना नवऱ्याने, जितेशने, बजावलं होतं, "पोर झोळीत रडतंय नि तू गोष्टी वाचतेस? बंद कर ते." फोन करावा तर रेंज यायची ती फक्त ओट्यावर.

सासू शेळ्यांकडे गेली असेल तर तासाभराने येईल. ओट्यावरच्या झोळीत बाळ आत्ताच झोपलंय. तीन पानं राहिली होती. अमिताने घसा साफ केला आणि पुन्हा वाचायला लागली. कादंबरीतली बाई कपड्यांची पेटी भरत होती.

बाळ रडायला लागलं.

आधी झोप मोडल्यावर रडतं तसं. मग ताणून, श्वास अडकेपर्यंत. अमिताने दाराला खांद्याने धक्का दिला. "आई!" कुणी नाही. पुन्हा धक्का. आणि रडणं एकदम थांबलं.

झोळीची दोरी. ओट्याची कड. ती दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. "आई! अहो आई! बाळ बघा!"

कडी निघाली. ठकूबाई समोर उभी होती. कडेवर बाळ, तिच्या गळ्यातले मणी चोखत.

"बोंबलतेस कशाला गो? मी हाय ना."

अमिताने हात पुढे केले. बाळ आजीच्या खांद्यालाच बिलगलं.

"तुम्ही शेळ्यांकडे गेला नव्हता?"

"हितंच बसलेले, दाराशी. पोराला उचलायला गेले तेवढीच."

"मग कडी का लावलीत?"

"नाय लावली की तू सारखी बाहेर डोकावतेस. वाचणं तुटतं." ठकूबाईने तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "चार दिस ऐकतेय मी. जितेशला बोलले नाय." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "ती बाई जाते का गो घर सोडून?"

"दोन पानं राहिलीत अजून."

"तू आधी वाचलंयस ना सगळं?"

अमिताने शेवटची पानं उलटी करून धरली.

ठकूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बस आत. वाच. ह्याला मी बघते."

"कडी नको, आई."

दार लागलं. कडीही लागली.

मोबाईलवरचे आकडे अजून पळत होते. रडणं, बडवणं, सगळं रेकॉर्डिंगमध्ये गेलं होतं. अमिता पोत्यांमध्ये बसली. गोधडी डोक्यावर ओढली. ओळ सापडत नव्हती.

बाहेर ठकूबाई दाराला पाठ टेकून बसली तशा फळ्या करकरल्या.

"हां," ती म्हणाली, "पेटी भरली तिनं. पुढं?"