मितेशची कबुली

डॉक्टर क्षिप्रांनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी लाल थर होता. त्याच्यावर जिथं पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथं घट्ट दुधासारखं पांढरं काहीतरी साचलं होतं.

"हे तुमच्या नातीचं रक्त," त्या म्हणाल्या. "पांढरं दिसतंय ती सगळी चरबी."

ठमाबाईनं नळीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. कॉटवर नऊ वर्षांची आरोही सलाईन लावून ग्लानीत पडली होती. परवा थळला नात्यात हळद होती. मटण आणि तेलात पोहणारे वडे. पोरगी "नको, आजी, नको" म्हणत होती. ठमाबाईनं शेजारी बसून तिला पोटभर खायला लावलं. "हाडं बघ कशी वर आलीत," असं चारचौघींत म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोरगी पोट धरून गडाबडा लोळायला लागली, तेव्हा तिला अलिबागला आणलं.

"घरात आणखी कुणाला असं दुखायचं?"

सून प्राप्ती मान खाली घालून उभी होती. ठमाबाईच बोलली.

"हिच्या बापाला. माझ्या मितेशला. पन त्याचं येगलं होतं, डाक्टर. तो दारूनं गेला."

मितेश गेल्यापासून हे वाक्य तिच्या तोंडी बसलं होतं. कुणी विचारो, न विचारो. मितेश ट्रक चालवायचा. पहिल्यांदा दुखलं तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरनं मान वर न करताच विचारलं होतं, "किती पितोस?" ड्रायव्हरचा धंदा, त्यात बाप दत्तात्रेय दारूत बुडून मेलेला. पुढं कुणी काही विचारलंच नाही. मितेश म्हणायचा, "आये, मी हात पन लावला न्हाय." असल्या शपथा ठमाबाईनं नवऱ्याच्या तोंडून जन्मभर ऐकल्या होत्या. बापावर गेला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"त्यांचं रक्त असं तपासलं होतं कुणी?"

"न्हाय."

"तुमच्यात लग्न नात्यात झालंय का?"

"ही सून माझ्या भावाचीच मुलगी."

डॉक्टरांनी नळी स्टँडमध्ये ठेवली आणि खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"आजी, काही माणसांच्या शरीराला खाल्लेली चरबी रक्तातून काढून टाकता येत नाही. ती साचत जाते आणि स्वादुपिंड सुजतं. जिवावर बेततं. हा दोष आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो. दारूनंही स्वादुपिंड सुजतं, म्हणून लोक दारूच धरून चालतात. तुमच्या मुलालाही हेच असावं, असं मला वाटतं."

डॉक्टरांनी कॉटकडे बोट केलं.

"आता हिचं खाणं बदलायचं. हे तेल चांगलं, ते तूप वाईट, हा हिशोब बाकीच्यांसाठी. हिला तेल, तूप, खोबरं, मटण, सगळंच अगदी नावाला. मायेनं एक चमचा जास्त वाढलात, तरी तो हिला विषच."

लहानपणी मितेश लग्नाच्या पंगतीत नुसता भात मागायचा. बाकीची पोरं मटणावर तुटून पडायची आणि हा ताट सरकवायचा. ठमाबाई त्याची दृष्ट काढायची.

आणि पहिल्या दुखण्यातून उठला तेव्हा? दारूनं पोखरलेलं शरीर भरून यायला हवं, म्हणून तिनं कंबर कसली होती. गरम भातावर तुपाची धार. पायाचा रस्सा. डिंकाचे लाडू. मितेश ताटाकडे बघत बसायचा, मग तिच्याकडे बघायचा आणि मुकाट्यानं घास घ्यायचा. पोरगं सुधारलं, असं तिला वाटायचं. महिना भरायच्या आत तो पुन्हा दवाखान्यात गेला. तिथून घरी आला तो चौघांच्या खांद्यावर जाण्यासाठी.

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेल्या. ठमाबाई उठली आणि भिंतीचा आधार घेत व्हरांड्यात आली. प्राप्ती मागोमाग आली.

"तू का गप ऱ्हायलीस? बायको ना तू त्याची? तुला ठावं होतं तर बोलायचं न्हाय?"

"बोलले होते, आत्या. तुम्ही म्हणालात, नवऱ्याला पाठीशी घालतेस. माझ्यामुळंच बिघडला, असं अख्ख्या गावात सांगितलंत."

एवढ्या वर्षांत हाताशी धरलेलं एकच काय ते उरलं होतं. ठमाबाईनं ते पुढं केलं.

"पन तो कबूल झालता! देवाच्या फोटोपुढं हुभा ऱ्हाऊन बोलला, 'व्हय आये, पितो मी. आजपासून सोडली.' मी माझ्या कानानं ऐकलंय. पीत नव्हता, तर कबूल कशाला झाला?"

प्राप्तीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर ठमाबाईला सोसला असता.

"तो खरं बोलेपर्यंत तोंडात पाणी घेणार नाही, म्हणून हटून बसला होतात तुम्ही. चक्कर येऊन पडलात. तुम्ही दोन घास खावेत, म्हणून ते हो म्हणाले."