एक जूनची माणसं

आयटीतल्या पोराने आईच्या साठीला मच्छिंद्र आणि तुळजाबाई दोघांना बिबवेवाडीहून उचलून थेट लोणावळ्याच्या रिसॉर्टवर धाडलं होतं. सकाळपासूनच्या धांगडधिंग्याने मच्छिंद्रचं डोकं उठलं होतं. मेलं, पोहायच्या तलावातसुद्धा गाणी!

जेवणं झाल्यावर माइकवाला ओरडला, "आजच्या बर्थडेवाल्यांनो, स्टेजवर या!"

तुळजाबाई उठली, तसा निम्मा हॉल उठला. सगळे साठीच्या घरातले, सगळ्यांचा वाढदिवस एक जून. केक मात्र एकच.

चिमूटभर केक घेऊन ती परतली, तेव्हा मच्छिंद्र डाफरलाच. "शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख चिकटवली, त्याचं हे असं होतं! खऱ्या दिवशी आलो असतो, तर तू एकटी मिरवली असतीस. कधी असतो गं तुझा खरा वाढदिवस?"

"बैलपोळ्याला," ती केक खात म्हणाली. "बैलं होती तोवर त्यांना ओवाळलं. जमिनीमागं बैलंही गेली, आता तुम्ही मातीची आणता, त्यांना ओवाळते. ताट दरसाल माझ्याच हातात असतं."