शनिवारच्या टाळ्या

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाने रीळ मागे फिरवलं. बँडमधला डबल-बासवाला एकटा वाजवू लागला, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखा, एकेका सुरावर पाय चाचपत. शेवटचा सूर विरता विरता ड्रमवाल्याच्या हातून काठी निसटून खाली पडली. मग पाच-सात जणांनी टाळ्या वाजवल्या, त्याही उपकार केल्यासारख्या.

ती ज्या हाकेची वाट बघत होती ती आलीच नाही.

"ही नक्की शनिवारची टेप?"

"शनिवारचीच. वादन अप्रतिम, पण पब्लिक पेंगत होतं आणि वर ती काठी! मग काय, रेकॉर्ड काढताना काठी कापली आणि शुक्रवारच्या टाळ्यांची कॉपी तिथं चिकटवली. तेव्हा सगळेच करायचे. पण इतक्या वर्षांत कोणाला सांधा सापडलाय? सांगा ना!"

त्याने दुसरं रीळ चढवलं. शुक्रवारचं. टाळ्यांचा नुसता कडकडाट, आणि त्यातून तिच्या वडिलांचा फाटका आवाज: "ऐकलंस? ऐकलंस ना गं?"

विसरलेल्या जॅझ रेकॉर्डी हुडकून पुन्हा बाजारात आणायच्या, हा तिचा धंदा. ही रेकॉर्ड निघाली त्या वर्षी सगळं जग इलेक्ट्रिक गिटारमागे धावत होतं. मोजकेच सूर वाजवून बाकीची जागा मोकळी सोडणारा ट्रम्पेटवाला कोणाला हवा होता? दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. तिच्या मते मात्र इतकं धीराचं वादन नंतर कोणी केलं नाही. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती.

पण तिच्या घरी ही रेकॉर्ड म्हणजे नुसतं संगीत नव्हतं.

त्या शनिवारी रात्री वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्याला आग लागली. आत त्यांचा भागीदार झोपला होता, तो जळून मेला. गोड बोलून त्याने कारखाना गिळला होता, आणि आता राहत्या घरावर डोळा ठेवून होता. तेव्हा पोलिसांचं बोट सरळ वडिलांकडे. हे रेकॉर्डिंग चाललं होतं त्या क्लबात आम्ही दोघं नवरा-बायको होतो, असं ते परोपरीने सांगत होते. पण क्लबातल्या अंधारात कोण कोणाला बघतं?

खटला चालू असतानाच रेकॉर्ड बाजारात आली. वेष्टनावर त्याच शनिवारची तारीख, आणि आत वडिलांची हाक, शेजारी बसलेल्या बायकोला विचारणारी. कोर्टाने ती ऐकली आणि वडील सुटले. लोकांनी मात्र त्यांना कधी सोडलं नाही. अजूनही ते दुकानात शिरले की बोलणी थांबायची. ते लक्ष नसल्यासारखं करायचे.

म्हणूनच तिने ही रेकॉर्ड नव्याने काढायला घेतली होती. तो आवाज इतका स्वच्छ करायचा की लोकांची तोंडं कायमची बंद व्हावीत. वडील म्हणाले होते, "कशाला जुनी मढी उकरतेस?" आई तर रेकॉर्ड लागली की उठूनच जायची. "चालू द्या तुमचं पों-पों," म्हणायची.

"पुस्तिकेत हे छापा बरं का," ध्वनिमुद्रक खुशीत म्हणाला. "वादन शनिवारचं, टाळ्या शुक्रवारच्या. आता कोणाची भीती? माझ्या हाताचं कौतुक कधी कोणी केलंच नाही."

"छापू की," ती म्हणाली. "तुम्ही खाली जाऊन चहा सांगता का? मी तोवर आवरते."

त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत ती थांबली. मग शुक्रवारचं रीळ सुरुवातीला आणून तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्या टेपवर बँडची एक धून होती जी जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. तीही पुसली जाणार होती. ती बघत उभी राहिली. रडू येत होतं, पण बोट बटणावरून हललं नाही.

म्हातारा परत आला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हातून चुकून टेप पुसली गेली. आता पुरावा नाही, उगीच लोक हसतील. पुस्तिकेत नको."

त्याने तिच्याकडे बघितलं, लाल दिव्याकडे बघितलं. "तुमच्या हातून?" एवढंच म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

घरी वडील खिडकीशी बसले होते. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

"बाबा, शुक्रवारची टेप पुसून टाकली मी."

कुठली टेप, हे त्यांनी विचारलं नाही. "का?"

"त्या रात्री तुम्ही तिथं नव्हतात, हे आता कोणाला कळणार नाही." "मीही काही विचारणार नाही. तुम्ही माझे बाबा आहात, मला तेवढं पुरे."

वडील उठले आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटलं. भांड्यांचा आवाज बारीक झाला.

"होतो गं मी तिथं," ते म्हणाले. "दोन्ही रात्री होतो. शनिवारी त्या ड्रमवाल्याच्या हातून काठी पडली, लोक हसलेसुद्धा नाहीत."

बाजारात आलेल्या रेकॉर्डवर ती काठी नव्हती; ती पडल्याचं त्या रात्री तिथं असलेल्यालाच ठाऊक असणार.

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"लोक माझ्याकडेच बघत राहिले, ते बरंच झालं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "शनिवारी मी शेवटपर्यंत शेजारची खुर्ची धरून बसलो होतो. तुझी आई आलीच नाही."